मुलं मोठी होऊन बाहेर गेली. त्यांच्या लहानपणीच्या कॅसेटचं काय करायचं?

प्रश्नात तुम्ही म्हणता, माळा आवरताना खोकंभर कॅसेट निघाल्या. मुलं लहान असताना घरात रोज वाजायच्या त्या. आता ऐकवतही नाहीत आणि टाकवतही नाहीत. शेवटी विचारलंय, ‘हे फक्त माझंच होतं का?’

नाही. आमच्याकडे खोक्याऐवजी फराळाचा पत्र्याचा डबा होता, एवढाच फरक. ४१ कॅसेट. मुलगी बंगळुरात, मुलगा जर्मनीत आणि डबा डोंबिवलीत आमच्या पलंगाखाली. गेल्या मे महिन्यात तो बाहेर काढला. काय करावं ते खाली सांगतो, घाई असेल तर थेट तिथे उतरा. आधी एका कॅसेटची गोष्ट.

सी-६० होती ती, म्हणजे दर बाजूला अर्धा तास. विकतची नव्हे, भरून आणलेली. तेव्हा स्टेशनजवळ गाणी भरून देणारी दुकानं असत. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी जाऊन घेऊन यायची. ते कायद्यात बसत नव्हतं, पण आमच्या चाळीत तरी त्यावरून कुणाची झोप उडाली नव्हती. थोरली १९९१ची. ती दीड वर्षाची असताना मी ही कॅसेट भरून आणली. ए बाजूला बालगीतं, बी बाजूला बायकोच्या आवडीची भावगीतं. वाटणी तिनेच केली होती. ‘दिवसभर तिच्या मागे मी धावते, मग अर्धी कॅसेट माझी,’ असा तिचा हिशेब, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

कारण दिवसभर मी घरी नसायचोच. नोकरी फोर्टात. सकाळी सातच्या सुमाराची लोकल, रात्री घरी पोचायला साडेआठ. थोरली तोवर जेवून पेंगलेली असे, बऱ्याचदा झोपलेलीच. म्हणजे मुलांच्या लहानपणची म्हणून जी गाणी मला आठवतात, ती खरं तर रविवारची गाणी आहेत. उरलेले सहा दिवस घरात काय वाजायचं, कोणत्या गाण्याला वरणभाताचे किती घास जायचे, हे मी ऐकलेलं आहे ते बायकोकडून. तुमचं मला माहीत नाही, पण माझ्या हुरहुरीतला मोठा वाटा या न ऐकलेल्या गाण्यांचा आहे. हे कबूल करायला बरीच वर्षं लागली. मित्रांत बसलो की मी ‘आमच्याकडे तेव्हा सकाळी रेडिओ, मग टेप’ असं रंगवून सांगायचो आणि ही आतून ऐकत असायची. एकदा बाहेर येऊन म्हणाली, ‘तुम्ही होता कुठे?’

असो. तर टेप. टू-इन-वन होता, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र, पण घरात सगळे त्याला टेपच म्हणायचे. तो कपाटावर, मुलांच्या हाताबाहेर. वीज गेली की त्यात सहा मोठे सेल घालायचे. सेल उतरत आले की गाणारी बाई हळूहळू बुवा व्हायची, सूर खाली खाली जायचा, आणि थोरली टाळ्या पिटायची, ‘झोप आली, झोप आली!’ मोटर मंदावली की फीत हळू सरकते आणि सूर उतरतो, इतकं साधं कारण. पण तिच्या लेखी गाणाऱ्यांनाही रात्री झोप येत असे. फोनवरच्या गाण्याला झोप येत नाही, फोनच एकदम मरतो.

एका रविवारी टेपने कॅसेट खाल्ली. ज्यांच्या घरी टेप होता त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. पावसाचं एक बालगीत चालू होतं, त्याच्या दुसऱ्या ओळीत आवाज घोगरा झाला, मग थांबला. झाकण उघडलं तर रीळ रबरी चाकाभोवती गुंडाळलेली. थोरलीने भोकाड पसरलं. मी नेलकटरच्या टोकाने रीळ सोडवली, पण मधला तुकडा अकॉर्डियनसारखा चुरगळला होता. तो कापला. दोन्ही टोकं तिरकी छाटली, मागच्या बाजूने सेलोटेप लावला, षटकोनी पेन्सिल भोकात घालून रीळ ताणून घेतली आणि लावली. वाजली! त्या दिवशी घरात माझा भाव काय वधारला होता म्हणून सांगू.

कापलेला तुकडा वीतभर होता, १९-२० सेंटिमीटर. कॅसेटमधली फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते, म्हणजे गाण्यातले चार सेकंद गेले. दुसरी ओळ अर्ध्यावर तुटायची आणि तिसरी सुरू व्हायची. गाण्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुमच्या डोक्यात ते बरोबर वाजेल, आणि मला ते चुकलेलंच हवं आहे.

एक गोष्ट मात्र त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही. कॅसेटच्या दोन बाजू एकाच फितीवर शेजारी शेजारी असतात. ए बाजू एका दिशेने, बी बाजू उलट्या. त्यामुळे ए बाजूच्या दुसऱ्या गाण्यातले चार सेकंद कापले, तेव्हा बी बाजूच्या शेवटून दुसऱ्या गाण्यातलेही चार सेकंद गेले. ते बायकोचं सगळ्यांत आवडतं गाणं होतं. संध्याकाळी तिने बी बाजू लावली. अंतऱ्याच्या शेवटी सूर वर जायचा तिथे सूरच नाही, एकदम धृपद. तिने टेप बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

थोरली ते गाणं तसंच शिकली. तिला ते फाटलेलं वाटायचंच नाही, कारण फाटायच्या आधीचं तिला आठवत नव्हतं. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात तिने ते म्हटलं. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आली आणि बिनदिक्कत तिसरीवर उडी मारली. पेटीवरच्या बाई अडखळल्या, मागे आल्या, परत पुढे गेल्या. ही आपली ठाम. मी मागच्या रांगेत बसून होतो. उडी कुठून आली हे त्या हॉलमध्ये आम्हा दोघांनाच माहीत होतं आणि आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

कॅसेटची आणखी एक खोड आहे, ती तुमच्याही घरात असेल. एक गाणं संपलं की पुढचं मनात आपोआप सुरू होतं. तो क्रम दुकानातल्या पोऱ्याने आपल्या सोयीने लावलेला असतो, पण वीस-पंचवीस वर्षांनी तोच क्रम पक्का राहतो. परवा एका लग्नात बँडने त्यातलं एक गाणं वाजवलं आणि नंतर भलतंच सुरू केलं. मला चक्क राग आला.

धाकटा ९५चा. त्याच्या वाट्याला ही कॅसेट कमी आली. तो शाळेत जाईपर्यंत घरात सीडी आली होती, मग एका सीडीवर दीडशे गाणी मावणारी एमपीथ्री, मग संगणक. त्याने ए बाजूवर एकदा लाल बटण आणि प्लेचं बटण एकत्र दाबून स्वतःचा आवाज भरला होता, तो किस्सा घरोघरी असतो, आमच्याकडेही आहे. पण त्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘बाबा, मला लहानपणचं म्हणून आठवतं ते भारनियमन.’ २००५-०६ साली डोंबिवलीत रोज तासन् तास वीज जायची. गच्चीवर सतरंजी टाकून मुलं अंताक्षरी खेळत. त्याचं संगीत ते. मी हाफिसातून यायचो आणि अंधारात गच्चीवरून आवाज ऐकू यायचे, पण चार मजले चढून वर जायचा मला कंटाळा यायचा. कधी कधी वाटतं, जायला हवं होतं.

आणि हे तुम्हाला लागू पडेल म्हणून सांगतो. माणसाच्या सगळ्यांत जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात, त्याआधीचं बहुतेकांना काहीच आठवत नाही. म्हणजे मुलाच्या ज्या वर्षांसाठी आपला जीव तुटतो, नेमकी तीच त्याच्याकडे नसतात. तुम्ही कॅसेट लावून मुलाला फोनवर ऐकवाल आणि तो ‘छान आहे’ म्हणेल. वाईट वाटून घेऊ नका. तो खरंच तिथे नव्हता. मी थोरलीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, मला टेप आठवत नाही, कपाट आठवतं.’

आता कॅसेटचं काय करायचं ते.

टाकू नका, आणि लगेच लावूही नका. आधी एकेक उजेडात धरून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत रिळीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट टेपमध्ये घातली तर ती बुरशी हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना वाटली जाते. अशा वेगळ्या काढा आणि जाणकाराकडे द्या. बाकीच्या लावण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं एका जागी बसून वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात, ती सुटतात. सी-९० आणि विशेषतः सी-१२० असतील तर हात हलका ठेवा, त्यांची फीत जास्त पातळ असते आणि पटकन गुंतते. मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान शाबूत असतील तर तोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी पुसली जाणार नाही. टेपचं हेड आणि रबरी चाक कापसाने पुसा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. अत्तर, सॅनिटायझर असलं काही लावू नका. (मी लावलं. नको.)

सेलोटेपने सांधलेली कॅसेट असेल तर सावध. त्याचा डिंक वर्षांनी पाझरतो आणि शेजारच्या वेटोळ्याला धरतो. आमचा सांधा पहिल्याच फेरीत सुटला. फीत सांधायची खास पट्टी मिळते, ती वापरून पुन्हा जोडला. या वेळी एक मिलिमीटरही कापला नाही.

टेपच्या हेडफोनच्या भोकातून संगणकात आवाज घ्यायचा. नव्या लॅपटॉपच्या एकाच भोकात बहुधा फक्त माइक चालतो, म्हणून यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. आधी वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी, करून ठेवा, एमपीथ्री त्यातून नंतर कधीही काढता येते. विकतच्या कॅसेटमधली गाणी उतरवत बसू नका, ती आता याहून स्वच्छ मिळतात. घरी भरलेल्या, मुलांचे आवाज असलेल्या आधी घ्या. आणि खरखर काढायचं जे बटण असतं ते जपून वापरा. मी धाकट्याच्या आवाजावर ते फिरवलं तर खरखरीबरोबर मागचा पंखाही गेला, कुकरची शिट्टी बसल्यासारखी झाली, आणि गल्लीतून जाणाऱ्या भाजीवाल्याचं नुसतं ‘वांऽऽ’ उरलं. मूळ फाइल ठेवली होती म्हणून वाचलो.

तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो. दुप्पट वेगाने पळवायचे उद्योग करू नका. संगणक एकटा सोडून चहा करायला गेलात तरी चालतं, पण तुम्ही जाणार नाही, मी पैजेवर सांगतो.

आमच्या ए बाजूची फाइल मी थोरलीला पाठवली. तिची मुलगी तीन वर्षांची आहे. थोरली तिला ते गाणं झोपवताना म्हणते, अर्थात उडी मारून. आठवड्याने थोरलीचा फोन आला. तिने मोबाइलवर कंपनीचं, धडधाकट गाणं लावलं होतं, तर लेक उठून बसली आणि म्हणाली, ‘हे चुकलंय.’ मग कॅसेटवालं लावलं तेव्हा आडवी झाली.

बी बाजू अजून उतरवायची राहिली आहे. फाइल जोडताना ते चार सेकंद दुसरीकडून आणून बसवता येतील असं मी बायकोला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, ‘काही गरज नाही, तुम्ही फक्त त्या वेळी खोलीत बसायचं.’ येत्या रविवारी जेवणानंतर ठरलंय.