‘रेत समाधि’ चाळिसाव्या पानावर अडकलंय. आजच्या भारतीय लेखिका वाचायच्या तर सुरुवात कुठून आणि कोणत्या भाषेत करावी?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. ‘रेत समाधि’ पुढे सरकत नाही, रोज जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही वाचता येत असल्यामुळे मूळ घ्यावं की अनुवाद ते ठरत नाही. तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण पहिल्या दोघांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

पुस्तक मुळात मराठीत किंवा हिंदीत असेल तर मूळच घ्या. गीतांजली श्री यांची ही कादंबरी राजकमल प्रकाशनाने २०१८ मध्ये काढली. डेझी रॉकवेल यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं. अनुवाद उत्तम आहे, पण देवनागरी वाचणाऱ्यासाठी तो लांबचा वळसा आहे. का, ते एका जागेवरून सांगता येईल. ऐंशीची आई नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून अंथरुणात पडून आहे. घरचे उठ उठ म्हणून विनवतात आणि ती ‘नहीं’ म्हणत राहते. म्हणता म्हणता तो ‘नहीं’ झिजून ‘नयी’ होतो. ‘नाही उठणार’चं ‘आता नवीच उठेन’ झालं, तेही नुसत्या उच्चाराच्या घसरणीतून. पुढची सगळी कादंबरी या एका घसरणीवर उभी आहे. मराठीत ‘नाही’ आणि ‘नवी’ एकमेकांत मिसळत नाहीत, इंग्रजीतही त्यासाठी निराळी खटपट करावी लागते. हिंदीत मात्र कानाला ते आपोआप कळतं, आणि आपला कान हिंदीला सरावलेला आहे.

मग तुम्ही अडकलात का? पुस्तक अवघड आहे म्हणून नाही. चाळीस पानं झाली तरी ‘आता काहीतरी घडेल’ अशी वाट बघत वाचल्यामुळे. पहिल्या भागाचं नावच ‘पीठ’ आहे. मराठी डोळ्याला क्षणभर दळण दिसतं, पण हिंदीत पीठ म्हणजे पाठ. आईने घराकडे पाठ केली आहे, आणि या भागात ती पाठ आणि तिच्या मागचं घर एवढंच आहे: दार, भिंती, येणारे-जाणारे, स्वयंपाकघरातली कुरबुर. इथे कथानकाचा धागा शोधत बसलात की दमायला होणारच.

यावर उपाय साधे आहेत. पानं मोजू नका, प्रकरणं मोजा. ती लहान आहेत, काही तर एकेका ओळीची. रोज तीन-चार प्रकरणं पुरे. पहिली दोन पानं मोठ्याने वाचा. विरामचिन्हांवर अडणारी वाक्यं तोंडाने म्हटली की सुटतात, कारण ती बोलण्याच्या लयीत लिहिलेली आहेत. माणसं बहुतेक नात्याने येतात: बड़े, बहू, बेटी, सिड. पुस्तकाच्या आतल्या मलपृष्ठावर पेन्सिलीने चार ओळींची वंशावळ काढून ठेवा. प्रत्येक शब्दाला कोश उघडू नका. एखादा शब्द तिसऱ्यांदा अडला तरच बघा. मात्र ओळखीचे वाटणारे शब्द जपून वाचा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, चेष्टा म्हणजे प्रयत्न, संसार म्हणजे जग. फसवतात ते हेच शब्द. अनोळखी शब्दावर माणूस निदान थांबतो तरी.

दुसऱ्या भागात आई मुलीच्या घरी राहायला जाते, तिची तृतीयपंथी मैत्रीण रोझी हिचं येणंजाणं वाढतं आणि कादंबरी पाय उचलून चालायला लागते. तिसऱ्या भागाआधी, म्हणजे आई पाकिस्तानची सीमा ओलांडण्यापूर्वी, मंटोची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा वाचून घ्या. अर्ध्या तासात होते. वाघा सीमेवर फाळणीचे लेखक आणि त्यांची पात्रं जमतात ते प्रकरण त्याशिवाय निम्मंच पोहोचतं.

तरीही माझा सल्ला असा की ‘रेत समाधि’ आत्ता बाजूला ठेवा आणि आधी मराठीतलं वाचा. मराठी वाचक इंग्रजी पुस्तकांच्या याद्या बघून खरेदी करतो, तेव्हा एक गोष्ट हमखास चुकते. त्यातली काही पुस्तकं मुळात मराठीच असतात. ‘द वीव्ह ऑफ माय लाइफ’ म्हणजे उर्मिला पवार यांचं ‘आयदान’. ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ म्हणजे बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. या दोन्हींचा इंग्रजी अनुवाद माया पंडित यांचा आहे. ‘आय वाँट टू डिस्ट्रॉय मायसेल्फ’ म्हणजे मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’. ‘क्रोफॉल’ म्हणजे शांता गोखले यांची ‘त्या वर्षी’, जी त्यांनी स्वतः मराठीत लिहून मग स्वतःच इंग्रजीत नेली. खरेदीआधी इंग्रजी पुस्तकाचं प्रकाशनाचा तपशील असलेलं पान उघडा. मूळ नाव आणि भाषा तिथे दिलेली असते.

पहिलं पुस्तक ‘आयदान’ घ्या. ग्रंथालीने २००३ मध्ये काढलं. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणलेल्या वस्तू: सुपं, टोपल्या. लेखिकेची आई ते विणून घर चालवायची, आणि आईच्या विणण्याचं नि आपल्या लिहिण्याचं नातं लेखिकेने नावातच सांगून टाकलं आहे. पुस्तकाची बांधणीही तशीच आहे. काळ सरळ पुढे जात नाही. एक कामटी थोडी पुढे जाते, दुसरी तिला आडवी येते, मग पहिली पुन्हा वर येते. जन्मापासून आजपर्यंत असा क्रम डोक्यात धरून वाचलं तर ‘हे तर मघाशी येऊन गेलं’ असं वाटत राहील. ते मुद्दाम आहे.

सुरुवातीचीच पानं सावकाश वाचा. डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला चालत निघालेल्या बाया, चढउताराची वाट, त्यांचं आपसातलं बोलणं. कोकणातली बोली संवादांत आहे, निवेदन प्रमाण मराठीत आहे, त्यामुळे दोन-तीन प्रसंगांत कान बसतो. एक अपेक्षा मात्र आधीच सोडून द्या. दलित स्त्रीचं आत्मकथन म्हणजे दुःखाची जंत्री, असं धरून उघडलंत तर यातली थट्टा, खाण्यापिण्याचे तपशील, भांडणं, लग्नाच्या पहिल्या दिवसांचं मोकळं वर्णन हे सगळं निसटेल. उत्तरार्ध मुंबईतला आहे, आणि माझ्या मते पुस्तकाचा कणा तोच. नोकरी, घर, एम.ए.चा अभ्यास, त्यावरून नवऱ्याशी उडणारे खटके, आणि स्त्री-चळवळ नि दलित चळवळ दोन्हींत असूनही दोन्हीकडे पडणारे प्रश्न. याला जोडून त्यांनी मीनाक्षी मून यांच्यासह लिहिलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हाताशी ठेवा. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचं काम त्यात नोंदवलेलं आहे. ते सलग वाचायचं पुस्तक नाही. एका बैठकीत एक-दोन स्त्रियांची हकिगत, असं घ्या.

त्यानंतर कविता महाजन यांची ‘ब्र’. हा शब्द आपण फक्त नकारातच वापरतो, ‘तिने ब्र काढला नाही’ असा. कादंबरीत तो काढणाऱ्या बाया आहेत. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा आल्या आणि आदिवासी गावांत सरपंच झालेल्या बायांचं प्रत्यक्षात काय झालं, ते प्रफुल्ला नावाची स्वयंसेवी संस्थेतली कार्यकर्ती गावोगाव फिरून ऐकते. इथे अडचण येते ती पात्रांच्या गर्दीची. प्रत्येक गावात नवी बाई, नवी तक्रार, नवा अविश्वास ठराव. सगळ्यांची नावं लक्षात ठेवायचा आटापिटा करू नका. दोनच गोष्टींवर नजर ठेवा. सही किंवा अंगठा कोणाचा आणि कागद कोणाच्या हातात, ही एक. ऐकता ऐकता प्रफुल्लाचं स्वतःचं मोडलेलं घर तिला कसं दिसू लागतं, ही दुसरी. घटनादुरुस्तीबद्दल दोन पानांचं टिपण आधी वाचलंत तर अर्धी वाट सोपी होते.

मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ अनेक जण सुरुवातीलाच सुचवतात. मी नाही सुचवणार. लग्नविधीतल्या शपथेचा शब्द घेऊन लिहिलेली ही कादंबरी मोठ्या तयारीची आहे. आधी त्यांचा ‘हंस अकेला’ हा कथासंग्रह वाचा, आवाज ओळखीचा होऊ द्या. ज्या दिवशी डोकं फार शिणलेलं असेल त्या दिवशी सानिया यांची एखादी कथा. त्या आवाज चढवत नाहीत, आणि घर-शहर सोडून दुसरीकडे रुजणाऱ्या बायकांबद्दल त्यांच्याइतकं नेमकं फार थोड्यांनी लिहिलंय.

आता अनुवादाचं. कन्नड, तमिळ, मल्याळम, बंगाली पुस्तकं अनुवादातूनच वाचावी लागणार. मराठी अनुवाद हातात आला की सगळ्यात आधी बघा तो मूळ भाषेतून केलाय की इंग्रजीवरून. इंग्रजी मध्ये आली की दोन गोष्टी गळतात. पहिली नाती. ‘आंट’चं मराठी काय करणार? काकू, मावशी, आत्या, मामी यांतलं एक अंदाजाने निवडावं लागतं, आणि मावशीची आत्या झाली की घरातलं राजकारणच उलटं होतं. दुसरी संबोधनं. हिंदीत तू, तुम, आप अशा तीन पायऱ्या आहेत, इंग्रजीत एकच. सून सासूला अहो-जाहो करत होती की एका प्रसंगात अचानक अगं-तुगंवर आली, हे इंग्रजीत पुसलं जातं आणि मराठीत अनुवादकाला ते परत आणता येत नाही. म्हणून दुकानात उभ्या उभ्या तीन पानं वाचा: पहिलं, मधलं एक भांडणाचं, आणि एक जेवणाचं. भांडणात माणसं पुस्तकी बोलत असतील, जेवणात ‘डाळ आणि भात यांचे मिश्रण’ असलं काही दिसलं, तर पुस्तक परत ठेवा. थेट अनुवादाने काय साधतं ते बघायचं असेल तर उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधून आणलेलं काहीही चाळा. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांच्या याद्याही बघा. अकादमीचं मुंबईचं कार्यालय दादर पूर्वेला आहे.

इंग्रजीतूनच वाचायचं ठरलं तर बानू मुश्ताक यांचं ‘हार्ट लँप’ घ्या. कन्नडमधून दीपा भास्ती यांनी केलेला अनुवाद, २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर, बारा कथा. मुश्ताक वकील आहेत, कर्नाटकातल्या बंडाय, म्हणजे बंडखोर, साहित्य चळवळीतून आलेल्या. कथांतलं जग दक्षिणेतल्या मुस्लिम घरांचं आहे: मुतवल्लीकडे, म्हणजे मशिदीचा कारभार पाहणाऱ्याकडे, न्याय मागायला गेलेली आई, माहेरी परत आलेली आणि भावांनी परत पाठवलेली मुलगी. भास्तींनी तळटीपा दिल्या नाहीत, कन्नड-उर्दू शब्द तिरप्या अक्षरांतही टाकले नाहीत. परदेशी वाचक तिथे चाचपडतो, आपल्याला यातले कितीतरी शब्द शेजारच्या घरातून ऐकलेले असतात. हा फायदा घ्या. मात्र एका दिवशी एकच कथा. सगळ्यांची पट्टी चढी आहे, तीन सलग वाचल्या की कान बधिर होतो आणि कथा सारख्याच वाटायला लागतात, जे त्यांच्यावर अन्यायाचं आहे. शीर्षककथेत स्वतःला जाळून घ्यायला निघालेली आई आहे. मन ठीक नसेल त्या दिवशी ती वगळा.

मोठ्या सुट्टीसाठी के. आर. मीरा यांची ‘आराच्चार’ ठेवा, जे. देविका यांच्या इंग्रजीत ती ‘हँगवुमन’ आहे. कोलकात्यातल्या फाशी देणाऱ्यांच्या घराण्यातली चेतना, आणि तिच्यामागे लागलेली दूरचित्रवाहिनी. मध्ये मध्ये घराण्याच्या जुन्या कहाण्या येतात, तिथे लोक पुस्तक सोडतात. इतिहास तपासत बसू नका, फासाचा दोर कुठून कुठे जातो तेवढं धरून ठेवा. ईशान्येकडचं काही हवं असेल तर तेमसुला आओ यांच्या कथा, त्या मुळातच इंग्रजीत आहेत. ‘दीज हिल्स कॉल्ड होम’पासून सुरू करा.

अर्ध्या तासाचा हिशोब असा धरा: मराठीत पंधरा-वीस पानं, हिंदीत दहा-बारा, इंग्रजी अनुवादात साधारण तेवढीच. एका वेळी एक लांब पुस्तक आणि एक कथासंग्रह चालू ठेवा, दोन कादंबऱ्या नकोत. ‘आयदान’, ‘ब्र’ आणि ‘हार्ट लँप’ झाल्यावर ‘रेत समाधि’कडे परत या, पण एक्केचाळिसाव्या पानापासून नको. पहिल्यापासून वाचा. दार, भिंत, फुलपाखरांची ती छडी, सगळं त्या पहिल्या पानांत ठेवलेलं आहे आणि पुढे कामाला येतं.