गाइडचा एच-इंडेक्स 31 आणि नाव ‘2 टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीत, दुसऱ्या मॅडमचा एच-इंडेक्स 9. नागपुरात पीएचडीसाठी कोणाकडे जावं?

तुम्ही लिहिलंय की सर कॅन्सरवर काम करतात, मॅडम सिकलसेलवर, आणि घरचे सगळे पेपरातली बातमी बघून सरांचंच नाव घेतायत. मी नागपुरातच बायोकेमिस्ट्रीत पीएचडी केली. माझं म्हणणं असं की या दोन आकड्यांवर हा निर्णय घेऊच नका.

एच-इंडेक्स 2005 मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. एखाद्याच्या जितक्या पेपरना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांत दिलेले संदर्भ, असतात तो आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समजा एखाद्याचे सहा पेपर आहेत आणि त्यांना 40, 22, 9, 7, 5 आणि 3 सायटेशन आहेत. पाचव्या पेपरला पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत, म्हणून एच-इंडेक्स 5. पहिल्या पेपरला 40 ऐवजी 4,000 मिळाले तरी तो 5च राहतो. शिवाय तो वयाबरोबर वाढतो, कमी होत नाही. निवृत्तीला आलेल्या सरांशी चाळिशीतल्या मॅडमची तुलना त्यामुळे मुळातच चुकते.

ती ‘2 टक्के’वाली यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन आयोनिडिस यांचा गट स्कोपस या पेपर आणि सायटेशनच्या डेटाबेसमधल्या माहितीवरून करतो. तिचे दोन भाग असतात: एक आख्ख्या कारकिर्दीचा, दुसरा फक्त एका वर्षाचा. बातमीत बहुतेक वेळा हे सांगतच नाहीत, ते आधी बघा. यादीतली एक गोष्ट मला खरंच आवडते. एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून मिळालेली सायटेशन त्यात वेगळी मोजतात. आपल्या क्षेत्रात शेवटचं नाव सहसा लॅबप्रमुखाचं असतं. शेकडो लेखकांच्या एखाद्या जागतिक अहवालात मधे कुठेतरी नाव असलं तरी एच-इंडेक्स वाढतो, पण त्यातून तुम्हाला पिपेट धरायला कोण शिकवणार ते कळत नाही.

आता सिकलसेलचं. रक्ताचा हा आनुवंशिक आजार आपल्या विदर्भाचं दुखणं आहे. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत गेलात तर दिसेलच. पण कॅन्सरच्या मानाने त्यावर काम करणाऱ्या लॅब फार थोड्या. जिथे लिहिणारेच कमी, तिथे सायटेशन देणार कोण? मॅडमच्या 9 मध्ये हेही धरायला हवं.

आणि सायटेशन जास्त म्हणजे काम मोठं, असंही नसतं. एमएस्सीला प्रोटीन मोजायला लॉरी मेथड केली असेल ना, तो निळा रंग? 1951 चा तो पेपर जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला, तीन लाखांच्या वर. ती पद्धत आहे, रोज लागते, म्हणून. उलट शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात राहून कॉलऱ्याचं विष जिवाणूंपासून वेगळं दाखवलं, 1959 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापलं, आणि कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. सायटेशन इंडेक्स, म्हणजे कोणाच्या पेपरचा संदर्भ कोणी दिला याची सूची, ज्यांनी सुरू केली त्या यूजीन गारफिल्ड यांनीच 1986 मध्ये डे यांच्या कामाचं मोल मांडणारा लेख लिहिला. डे 1985 मध्येच गेले होते. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

मी स्वतः आकडा बघूनच पहिला गाइड निवडला होता. लॅबमध्ये विद्यार्थी खूप, सर कायम दौऱ्यावर. माझा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, चार महिने टेबलावर पडून होता. शेवटी गाइड बदलला, पण दोन वर्षं गेली. म्हणून एवढ्या तळमळीने लिहितोय.

तुम्ही असं करा. पबमेड या वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर दोघांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढा. शेवटचं नाव त्यांचं आहे का, आणि पहिलं नाव त्यांच्या विद्यार्थ्याचं आहे का, ते बघा. देशमुख, मेश्राम, वानखेडे अशी आडनावं आपल्याकडे ढीगभर, तेव्हा गूगल स्कॉलरवर दुसऱ्याच कोणाचे पेपर त्यांच्या नावावर आलेले नाहीत ना, तेही तपासा. मग शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्यांच्या हाताखालचे प्रबंध शोधा. कोणाला किती वर्षं लागली याचा अंदाज येतो. आणि कामाच्या दिवशी दुपारी दोन्ही लॅबमध्ये जाऊन तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी चहा घेत बोला. किट आणि केमिकल वेळेवर येतात का, लिहिलेलं सर-मॅडम किती दिवसांत वाचून परत देतात, प्रोजेक्टचे पैसे फेलोशिपच्या आधीच संपतात का, हे त्याच्याशिवाय कोणी सांगणार नाही.