बोट लागते त्यांच्यासाठी आल्याच्या वड्या

प्रश्न : हर्णैहून मित्रांबरोबर गळ टाकायला जातो. तासाभरात बोट लागते. गोळी घेतली की झोप येते. म्हणून घरी आल्याच्या वड्या केल्या, लिंबूही पिळलं; पण डब्यात सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला. काय चुकलं? (दापोली)

उत्तर : लिंबू चुकलं. उकळत्या पाकात आंबट पडलं की साखरेचे कण पुन्हा जमत नाहीत, वडी चिकटच राहते. त्यात समुद्रावरची दमट हवा. लिंबू हवंच असेल तर होडीवर फोड चोखा.

सोललेलं आलं २५० ग्रॅम, साखर ५०० ग्रॅम, तूप एक चमचा, पिठीसाखर दोन चमचे. दूध-खवा घालू नका. दिवसभर उन्हात राहिलेल्या दुधाच्या वडीचा भरवसा नाही. आलं कोवळं घ्या आणि आधी आडव्या पातळ चकत्या करून मगच मिक्सरला लावा. उभे तुकडे टाकले तर दोरे तुटत नाहीत, पात्याला गुंडाळतात. पाणी न घालता वाटा.

जाड बुडाच्या कढईत आलं आणि साखर मध्यम आचेवर सतत ढवळा. आधी पातळ होईल, घाबरू नका. वीसेक मिनिटांनी बुडबुडे जड होतात, कडेला पांढरी साखर धरू लागते. थेंबभर बशीत टाका. गार झाल्यावर बोटांना न चिकटता गोळी वळली की गॅस बंद. पिठीसाखर घालून दोन मिनिटं घोटा, तूप लावलेल्या ताटात थापा आणि कोमट असतानाच ४० वड्या कापा. पूर्ण गार झाल्यावर सुरी लावली तर भुगा होतो. कढईतच मिश्रण कोरडं पडलं तर दोन-तीन चमचे पाणी घालून पुन्हा आटवा. वड्या रात्रभर उघड्या सुकवून मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

एका वडीत साधारण ६ ग्रॅम आलं येतं. बंदर सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक, मग तीन तासांनी एक. दिवसाला तीन पुरे. मळमळ सुरू झाल्यावर खाल्लेली वडी बहुधा उलटीतच जाते. आल्याचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही. वडी खाल्ली तरी होडीच्या मध्यावर बसा, डिझेलच्या धुरापासून लांब, नजर क्षितिजावर. आमिष कापायचं काम त्या दिवशी दुसऱ्याला द्या.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ चालेल? (मालवण)

उत्तर : वडीला नाही, गूळ ओल धरतो, वडी मऊ पडते. त्यापेक्षा १०० ग्रॅम किसलेला गूळ, चार सपाट चमचे सुंठपूड, एक चमचा तूप एकत्र मळून २० गोळ्या वळा. सुंठ चाळूनच घ्या, नाहीतर दोरे घशात टोचतात.

प्रश्न : वडिलांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. त्यांना आल्याची वडी द्यावी का? (अलिबाग)

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आम्लपित्त असेल तर उपाशीपोटी तर नाहीच.