वेल्डमध्ये कांद्याच्या चकत्या दिसतायत, जॉब बाद झाला का?

प्रश्न: नमस्कार सर, मी एम.टेक.ला आहे. प्रोजेक्टसाठी २२१९ अॅल्युमिनियमच्या (तांबं मिसळलेला मिश्रधातू) ६ मिमी प्लेट फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने, म्हणजे फिरत्या टूलच्या पिनने धातू न वितळवता ढवळून, जोडल्या, ६०० आरपीएम आणि फीड मिनिटाला १२० मिमी. सेक्शन कापून पॉलिश केला तर मधोमध कांदा कापल्यासारख्या रिंगा दिसतात आणि एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) त्या रिंगांमध्ये पांढरे ठिपके घोळक्याने बसलेत. गाइड म्हणतात डिफेक्ट आहे, परत वेल्ड कर. खरंच करू का?

उत्तर: थांबा, लगेच नवीन प्लेट कापू नका. आधी दोन रिंगांमधलं अंतर मोजा. तुमचं फीड १२० आणि फेरे ६००, म्हणजे एका फेऱ्यात टूल ०.२ मिमी पुढे सरकतं, आणि रिंगाही साधारण तेवढ्याच अंतरावर असतील तर तो टूलचाच ठसा आहे, पिन दर फेऱ्याला मालाचा एक थर मागे टाकत जाते.

आता ठिपके. २२१९ मध्ये तांबं साधारण ६.३ टक्के असतं आणि अॅल्युमिनियममध्ये ते जास्तीत जास्त ५.६५ टक्केच विरघळतं, तेही ५४८ अंशांना, त्यामुळे उरलेलं तांबं अॅल्युमिनियमशी संयुग करून कणांच्या रूपात बसतं, कितीही हीट ट्रीटमेंट करा ते पूर्ण जात नाही. एसईएममध्ये पांढरं दिसतं ते हेच. तुम्हाला वाटत असेल एवढं ढवळल्यावर गुठळ्या मोडायला पाहिजेत, आणि मोडतातही, मोठे कण फुटून बारीक होतात, पण इथे धातू वितळत नाही, मऊ होऊन थराथराने वाहतो, म्हणून एका थरात कण दाट आणि शेजारच्यात विरळ असं होतं. फक्त एक बघा, गरमी जास्त झाली आणि ५४८ गाठलं तर कणांच्या कडेला धातू वितळायला लागतो आणि ते एकमेकांना चिकटून मोठे होतात. घोळक्यातले कण मूळ प्लेटमधल्यापेक्षा मोठे दिसले तर आरपीएम कमी करून बघा.

मला खरी काळजी वेगळ्याच रेषेची वाटते. वेल्डिंगआधी दोन प्लेटांच्या कडा जिथे भिडल्या होत्या तिथे, खास करून मुळाकडे (वेल्डच्या तळाकडे), वाकडीतिकडी काळपट रेघ दिसली तर ती कडांवरच्या ऑक्साइडची आहे, रिंगांची नाही, आणि तिथे प्लेटा नुसत्या टेकलेल्या असू शकतात, जुळलेल्या नाहीत. एक्सरेत हे सहसा सापडत नाही, मूळ बाहेरच्या बाजूला ठेवून बेंड टेस्ट केली की तडा उघडतो. वेल्डिंगच्या दिवशीच कडा घासून अॅसिटोनने पुसायला कंटाळू नका, प्लीज.

केलर एचंट (पॉलिश केलेल्या सेक्शनवर रचना उठून दिसावी म्हणून लावायचं अॅसिडचं मिश्रण) वापरताना पूर्ण हातमोजे आणि गॉगल घालाच, त्यात हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतं.

टेन्साइल टेस्टचे (ओढून तोडायच्या चाचणीचे) तुटलेले तुकडे फेकले नसतील तर गाइडना तेच दाखवा. तुकडा रिंगांच्या बाहेर, कडेच्या मऊ पट्ट्यात तुटला असेल तर या घोळक्यांनी तुमचा जॉइंट तोडलेला नाही. रिंगांवरून तुटला असेल तर तुटलेली बाजू एसईएमखाली घाला आणि तिथे कण किती दाट आहेत ते बघा, मग परत वेल्ड करायचं ठरवा.