मागितला फक्त सल्ल्याचा हक्क

प्रश्न: नमस्कार ताई, आमची लेक मेलबर्नला असते, आता तिथलीच नागरिक. 2023 ला तिकडे आदिवासींच्या 'व्हॉइस'वर सार्वमत झालं, मतदान कंपल्सरी म्हणून तीही गेली आणि 'नो' लिहून आली. म्हणते, सगळे सारखे तर एकाच समाजाला वेगळा हक्क कशाला? मला पटलं नाही पण उत्तरही सुचेना. ते नक्की मागत काय होते? – एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, मागणी ऐकून म्हणाल, एवढंच? अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांचं एक मंडळ संविधानात घालायचं आणि त्यांच्याशी संबंधित विषयांवर त्याने संसदेला नि सरकारला आपलं म्हणणं सांगायचं, बास. ऐकायलाच हवं असं बंधन कुणावर नव्हतं. मग संविधानातच कशाला, तर याआधीचं अ‍ॅटसिक नावाचं आदिवासींचं निवडून आलेलं मंडळ संसदेने 2005 ला सरळ गुंडाळून टाकलं होतं, त्यामुळे 2017 ला मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या त्यांच्या पवित्र खडकापाशी जमून आदिवासी प्रतिनिधींनी हे मागितलं.

आता लेकीचा मुद्दा. या लोकांसाठी खास कायदे करायचा अधिकार तिथल्या संसदेला 1967 च्या सार्वमतापासून आहेच (तेव्हा 90 टक्क्यांवर यस पडलं होतं). म्हणजे कायदा करताना ते वेगळे, आणि विचारायची वेळ आली की सगळे सारखे! त्यात ते शंभरात चारसुद्धा नाहीत, मागायचं त्यांनी आणि ठरवायचं उरलेल्या शहाण्णवांनी.

14 ऑक्टोबरला साधारण 60 टक्के नो पडलं, सहाच्या सहा राज्यांत. तिथे घटना बदलणं तसंही महाकठीण, 45 सार्वमतांत फक्त 8 पास झालीत. विरोधकांची घोषणा होती, माहीत नसेल तर नो म्हणा. अहो, मग माहीत करून घ्या ना! पण सगळ्या नोवाल्यांना एका माळेत ओवू नका, लिडिया थॉर्प या स्वतः आदिवासी खासदार, त्यांचं म्हणणं की सल्ला बिल्ला राहू दे, आधी आमच्याशी करार करा, कारण इंग्रजांनी तिथे कधी तहच केला नाही. उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रदेशातल्या दुर्गम आदिवासी वस्त्यांवर फिरती मतदान केंद्रं गेली तिथे मात्र यस भरभरून पडलं.

आणि लेकीला आठवण करून द्या, आपल्या संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत जनजाती सल्लागार परिषद आहेच, शिवाय राखीव जागा, तुमच्या शेजारची दिंडोरी त्यातलीच. आपली परिषद कितपत बोलते, त्यावर वेगळं पत्र पाठवा, मोठा विषय आहे. तिकडे साउथ ऑस्ट्रेलियाने राज्यापुरता व्हॉइसचा कायदा केला आणि मार्च 2024 ला त्याची निवडणूकही घेतली.