रोज तोच आकडा दिसला की मला काळजी वाटते

गेल्या महिन्यात या सदरात मी लिहिलं होतं की माणूस आजारी पडायच्या आधीच त्याच्यासाठी धावपळ करणारं एक खातं असतं, त्याचा प्रमुख म्हणजे स्थानिक पर्यावरण आरोग्य व्यवस्थापक, आणि बहुतेकांना तो कोण हेही माहीत नसतं. त्यावर पत्रांचा ढीग आलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सहा प्रश्न निवडलेत, आणि त्यातल्या एकाला मी मुद्दाम जास्त जागा देणार आहे.

प्रश्न : ताई, पर्यावरण म्हटलं की आम्हाला झाडं आठवतात आणि आरोग्य म्हटलं की डॉक्टर. हा माणूस या दोघांतलं नेमकं काय करतो?

दोन्ही नाही करत. इथे पर्यावरण म्हणजे आपल्या अवतीभवतीचं ते सगळं ज्यातून आजार अंगात शिरू शकतो, म्हणजे नळाचं पाणी, बाहेरचं जेवण जिथे शिजतं ते स्वयंपाकघर, सांडपाणी, उंदीर, डास, घरातली ओल, धूर, रात्रीचा आवाज, पोहण्याचा तलाव, अगदी मोठ्या इमारतीच्या टाकीतलं कोमट पाणीसुद्धा, कारण लीजनेला नावाचा जंतू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात मजेत वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. या सगळ्यावर नजर ठेवायची, मोजायचं, चूक सापडली तर दुरुस्त करून घ्यायची आणि ऐकलंच नाही तर कायदा वापरायचा, हे त्याचं काम.

या पदाचा जन्म मला फार आवडतो म्हणून सांगते. १८४७ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात, जिथे तळघरांमध्ये माणसं दाटीवाटीने राहत होती आणि साथी हटत नव्हत्या, तिथे तीन माणसं एकत्र कामाला लागली : विल्यम डंकन हे डॉक्टर, जेम्स न्यूलँड्स हे इंजिनिअर आणि थॉमस फ्रेश हे उपद्रव निरीक्षक, म्हणजे घाण कुठे साठलीये ते दारोदार जाऊन बघणारे. आजचा पर्यावरण आरोग्य व्यवस्थापक हा त्या तिसऱ्या माणसाचा वारस आहे. डॉक्टरला आजार कळतो, इंजिनिअरला पाइप कळतो, आणि कुठल्या पाइपमुळे कुठला आजार होतोय हे जोडणारा मधला माणूस लागतोच.

निरीक्षक आणि व्यवस्थापक यांत फरक काय असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. निरीक्षक जागेवर जातो, आणि हाताशी माणसं मोजकी असताना आज आधी कुठे जायचं आणि काय उद्यावर ढकललं तरी चालेल हे व्यवस्थापक ठरवतो. ज्याची तक्रार मोठ्या आवाजात आली त्याच्याकडे पहिली गाडी पाठवली आणि पाळणाघराच्या पाण्याचा नमुना राहून गेला, तर तो व्यवस्थापक चुकला असं मी म्हणेन.

प्रश्न : मी मायक्रोबायॉलॉजी शिकतेय. लॅब आवडते पण अनोळखी लोकांशी बोलायची भीती वाटते. हे काम मला जमेल का?

जमेल गं, पण आधी एक समजून घे की या कामातलं विज्ञान लॅबमध्ये सुरू होत नाही, नळावर सुरू होतं. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी रबरी नळी लावलेल्या नळाचा नमुना भरून घेतला होता आणि माझ्या वरिष्ठ बाईंनी ती बाटली माझ्यासमोर ओतून टाकली. म्हणाल्या, तू पाण्याचा नाही, नळीतल्या शेवाळाचा नमुना घेतलास. मग त्यांनी दाखवलं ते अजून हातात बसलंय : नळाची जाळी काढायची, तोटी पुसून निर्जंतुक करायची, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, झाकण खाली ठेवायचं नाही, त्याला आतून बोट लावायचं नाही, बाटली विसळायची नाही कारण तिच्यात क्लोरीन मारणारं थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं, वर थोडी हवा ठेवायची, वेळ तिथल्या तिथे लिहायची, आणि थंड पेटीतून शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आत लॅबला. यातलं एक चुकलं तर पुढचं सगळं मशीन आणि सगळं ज्ञान फुकट.

बाकी जीवशास्त्र, रसायन, थोडी आकडेवारी, कायद्याची भाषा, रिपोर्ट नीट लिहिता येणं, हे शिकता येतं. बोलायचं पण शिकता येतं. लोकांना दटावायचं नसतं, त्यांना दिसेल असं दाखवायचं असतं. साठलेलं पाणी ओतून टाका असं दहादा सांगून जे होत नाही ते पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन त्यातली वळवळणारी अळी दाखवली की होतं, आणि मग सांगायचं की एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा कड घासायची. एवढं तुला घाबरत घाबरत का होईना सांगता आलं तर पुरे, भीती हळूहळू जाते.

प्रश्न : मी नुकताच व्यवस्थापक झालोय. पाण्याच्या क्लोरीनची नोंदवही बघितली तर तीन महिने रोज, सगळ्या ठिकाणी ०.५ च लिहिलंय. सहकारी माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत. मला शंका येतेय पण बोलायचं कसं?

तुमची शंका बरोबर आहे, आणि हा प्रश्न विचारलात याचा मला खूप आनंद झाला. खरं पाणी असं वागतच नाही. टाकीजवळ ०.७ असेल, लाइनच्या टोकाला ०.२, पाऊस पडून पाणी गढूळ झालं की आणखी खाली, उकाड्यात वेगळं. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन हा पुस्तकातला आकडा आहे, म्हणूनच तो बसल्या जागी लिहायला सोपा पडतो. खऱ्या वहीत आकडे वरखाली होतात, शाई बदलते, पानावर पाण्याचे डाग असतात, कुठेतरी "नळ बंद, परत आलो" असं लिहिलेलं असतं.

आता करायचं काय. चौकशी लावू नका, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. आधी गुपचूप स्टोअरमध्ये जाऊन टेस्टच्या गोळ्या मोजा. रोज १० ठिकाणी टेस्ट होत असेल तर महिन्याला ३०० गोळ्या संपायला हव्यात, आणि डबा जवळजवळ भरलेला असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सहकाऱ्यांबरोबर स्वतः फेरीला जा, साहेब म्हणून नाही, "मला रस्ता दाखवा" म्हणून. गोळी टाकल्यावर पाणी किती गुलाबी होतं ते दोघांनी मिळून बघा. चालता चालता विचारा की फेरीला किती वेळ लागतो, गाडी असते का, आणि हेही विचारा की पूर्वी कधी ०.१ लिहिलं होतं तेव्हा वरून काय उत्तर आलं. फार वेळा असं निघतं की त्या माणसाने एकदा खरा आकडा लिहिला, त्याला बोलणी बसली, आणि त्या दिवसापासून वहीत ०.५ सुरू झालं. तसं असेल तर दुरुस्ती तुमच्या खुर्चीपासून सुरू होते, वाईट आकडा आणणाऱ्याला तुम्ही चहा पाजता की मेमो देता यावर.

हे एवढं जीव तोडून का सांगतेय तर वॉकर्टनमुळे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं साधारण ५ हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला, एका उथळ विहिरीत शेणखताचं पाणी उतरलं आणि त्यातून ई. कोलाय नावाच्या जंतूचा घातक प्रकार नळात आला. पाणीपुरवठा करणारे लोक क्लोरीन रोज मोजतच नव्हते, वहीत मनाने आकडे भरायचे, वर्षानुवर्षं. लॅबने पाणी दूषित असल्याचं कळवलं ते फक्त त्यांनाच, आणि आरोग्य खात्याने फोन करून विचारलं तर पाणी ठीक आहे असं सांगितलं गेलं. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मात्र रुग्ण कुठून येतायत ते बघून, समोरून ठीक आहे म्हणत असतानाही २१ मे रोजी पाणी उकळून पिण्याची सूचना काढली. तोवर उशीर झाला होता. सुमारे २,३०० लोक आजारी पडले आणि ७ जण गेले. नंतर झालेल्या चौकशीत निघालं की विहिरीवर सतत क्लोरीन मोजणारं यंत्र असतं तर ही साथ टळली असती.

म्हणून म्हणते, वय मोठं असो वा लहान, उद्या सकाळी फेरीला जाच. आणि पहिल्या महिन्यात वहीत ०.१ दिसला तर तो लिहिणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक करा आणि त्याच दिवशी त्या लाइनवर माणूस पाठवा, दोन्ही एकत्र झालं पाहिजे, नुसत्या कौतुकाने पाणी शुद्ध होत नाही.

प्रश्न : आमचं स्वयंपाकघर आरशासारखं लख्ख असतं, तरी तपासणीत "तापमान नापास" शेरा मिळाला. हा अन्याय नाही का?

राग समजतो हो, पण शेरा बरोबर असावा. जंतू लख्ख भांड्यातही वाढतात, डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तर थर्मामीटर. ५ ते ६० अंश हा पट्टा धोक्याचा, गरम ठेवायचं ते ६० च्या वर आणि थंड ठेवायचं ते ५ च्या खाली. तुमचा घोटाळा बहुतेक मोठ्या खोल पातेल्यात असेल. रात्री शिजवलेलं अन्न पातेल्यासकट फ्रिजमध्ये ठेवलं की कडा गार होतात, वरून हात लावला तर गार वाटतं, पण मधोमध सळई खुपसली तर कितीतरी तासांनीही कोमट लागतं, आणि काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत, ती त्या कोमट मध्यात जागी होतात. पसरट उथळ ट्रेमध्ये वाटून गार करा, फरक लगेच दिसेल. तुमचा थर्मामीटर खरा आहे का तेही बघा, बारीक बर्फ आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात बुडवला की ० दाखवायला हवा.

ज्यांनी शेरा दिला त्यांनी हे पाच मिनिटं उभं राहून समजावलं असतं तर तुम्हाला पत्र लिहावं लागलं नसतं. नुसता कलम क्रमांक लिहून निघून जाणं हे अर्धं काम झालं, आणि ते त्यांच्या व्यवस्थापकानेही लक्षात घ्यायला हवं.

प्रश्न : शेजारच्या यंत्राच्या घरघरीची तक्रार सहा वेळा केली, कुणी येतं तेव्हा नेमका आवाज बंद असतो.

तक्रारीसोबत डायरी द्या. तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, तुम्ही कुठल्या खोलीत होतात, खिडकी उघडी की बंद, झोप मोडली का. दोन आठवडे नेमाने लिहा. मग अधिकारी सकाळी ११ ला न येता रात्री दीडला येऊ शकतील, आणि मापन तुमच्या झोपायच्या खोलीत करा असा आग्रह धरा, रस्त्यावर नको. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते, त्यामुळे आकडा थोडाच वाढलेला दिसला तरी गप्प बसू नका.

प्रश्न : लॅबचा रिपोर्ट यायला दिवस लागतो. तोपर्यंत लोकांना सांगायचं की थांबायचं? उगाच घबराट नको म्हणून वरिष्ठ थांबा म्हणतात.

जंतू वाढवून बघायच्या नेहमीच्या टेस्टला साधारण १८ ते २४ तास लागतातच. पण तुमच्याकडे रिपोर्टशिवाय इतर खुणा असतात, क्लोरीन शून्यावर आलंय, पाणी गढूळ आलंय, एकाच लाइनवरच्या घरांत जुलाब सुरू झालेत. यातल्या दोन एकत्र दिसल्या तर मी रिपोर्टची वाट बघणार नाही, सूचना काढेन, आणि वरिष्ठांना ते का केलं हे लेखी देईन. चुकून काढलेल्या सूचनेबद्दल माफी मागता येते.

फक्त सूचना काय द्यायची ते आधी नीट ठरवा. जंतूंचा संशय असेल तर पाणी खळखळून उकळी येऊन १ मिनिट उकळायला सांगा, २ हजार मीटरच्या वरच्या भागात ३ मिनिटं. पण शिसं किंवा नायट्रेटचा प्रश्न असेल तर "उकळा" म्हणणं घातक आहे, पाणी आटतं आणि ते तसंच मागे राहतं, उलट दाट होतं, तिथे दुसरं पाणीच पुरवावं लागतं, आणि लहान बाळांच्या घरी सगळ्यात आधी. ही चूक शिकलेल्या लोकांकडूनही झालेली मी पाहिलीये. सूचना एका वाक्यात असू द्या, काय करायचं ते आधी आणि का ते नंतर, आणि पाणी ठीक झाल्यावर तितक्याच मोठ्या आवाजात सांगा की आता सूचना मागे घेतली, घरातले सगळे नळ थोडा वेळ वाहू द्या, आणि त्या दिवसांत जमवलेला बर्फ टाकून द्या. बर्फाचं सांगायचं हमखास राहून जातं.