लॉ आणि इकॉनॉमिक्स सोबत शिकायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न (खारघर): मॅडम, मी टीवायबीएला आहे, विषय इकॉनॉमिक्स. तीन वर्षांचं एलएलबी आणि एमए सोबतच केलं तर वर्षं वाचतील ना? यूजीसीने आता दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिलीय म्हणतात.

परवानगी 2022 ला आली हे खरं, पण एलएलबीला बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियम लागतात आणि त्यांच्या 2008 च्या नियमांप्रमाणे एलएलबी चालू असताना दुसरीकडे रेग्युलर डिग्रीला नाव घालता येत नाही. सूट आहे ती डिस्टन्सच्या कोर्सला. म्हणजे ठाण्याच्या टीएमसी लॉ कॉलेजला जाऊन इग्नूचं इकॉनॉमिक्समधलं एमए करता येईल, पण तिकडे मुंबई युनिव्हर्सिटीत कलिन्याला रेग्युलर एमए आणि इकडे एलएलबी असं नको करूस गं, उगाच वकिलीची सनद घ्यायच्या वेळी भानगड होईल. ॲडमिशनआधी कॉलेजला लेखी विचारून ठेव.

प्रश्न (नौपाडा): मुलगी कायद्यासोबत अर्थशास्त्र शिकायचं म्हणतेय. वकिलाला त्याचा उपयोग काय? आणि पुढे काम मिळतं का?

काका, तुमच्या नौपाड्यातलीच एखादी जुनी सोसायटी घ्या. वीस घरं, रिडेव्हलपमेंटला अठरा तयार आणि दोघं अडून बसलेत. ते दोघं वाईट आहेत असं नाही, पण सगळ्यांच्या सह्या लागणार असतील तर शेवटी सही करणाऱ्याला सगळ्यात जास्त मिळतं, मग प्रत्येकालाच शेवटचं व्हायचं असतं आणि तोवर स्लॅबचं प्लास्टर पडत राहतं. महाराष्ट्र सरकारने 2019 च्या नियमांत 51 टक्के संमतीवर आणलं ते याचसाठी. पण मग उरलेल्यांच्या डोक्यावरचं छप्पर बहुमताच्या हाती गेलं त्याचं काय, त्यांना संरक्षण किती द्यायचं आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा? हा प्रश्न नुसतं कलम पाठ करून सुटत नाही, नुसता आलेख काढूनही सुटत नाही. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1960 च्या लेखात हेच मांडलं, की बोलणी करायला काहीच खर्च येत नसता तर लोकांनी आपसात मिटवलं असतं, पण खर्च येतो, म्हणून कायदा हक्क कोणाला देतो याला एवढं महत्त्व. 1991 चं नोबेल त्यांना मिळालं त्यात या लेखाचा मोठा वाटा.

आणि काम मिळतं हो. कंपन्यांमधल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्पिटिशन कमिशनने 2012 मध्ये सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींच्या वर दंड लावला, ती केस पुढे अपिलात फिरत राहिली, आणि वाद काय तर सगळ्यांचे भाव सोबत वाढले म्हणजे संगनमत झालं असं म्हणायचं का. अशा केसमध्ये आकडे वाचता येणारा वकील लागतोच. शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सेबी आहे, वीज नियामक आयोग आहे, 2016 च्या दिवाळखोरी कायद्यातली कामं आहेत. शिकू द्या तिला.

प्रश्न (ऐरोली): बीकॉम, एलएलबी झालंय, दोन वर्षं नोकरी करतोय. युरोपातलं एक वर्षाचं मास्टर्स करू की अमेरिकेतलं जेडी-पीएचडी?

दोन्ही वेगळ्या वाटा आहेत. युरोपात रॉटरडॅम, हॅम्बर्ग वगैरे युनिव्हर्सिट्या मिळून लॉ अँड इकॉनॉमिक्सचं जे मास्टर्स चालवतात ते वर्षभराचं, टर्म बदलली की शहरही बदलू शकतं, आणि नोकरीतून ब्रेक घेऊन परत यायचं असेल तर तुला तेच बरं. जेडी म्हणजे अमेरिकेतली कायद्याची डिग्री, आणि जेडी-पीएचडीत सहा ते आठ वर्षं जातात. तिथल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत तर लॉ स्कूलमध्येच लॉ अँड इकॉनॉमिक्सची पीएचडी आहे. पीएचडीला बहुतेक ठिकाणी स्टायपेंड असतो, जेडीची फी मात्र कुठल्या वर्षी कोण भरणार ते आधीच नीट विचार. प्रोफेसर व्हायचं, रिसर्चच करायचा हे मनात पक्कं असेल तरच त्या वाटेला जा, नुसत्या नावासाठी तरुणपणातली आठ वर्षं घालवू नकोस असं मला अगदी मनापासून वाटतं. तुझी इथली एलएलबी आहे हे चांगलंय, कारण नुसत्या परदेशी मास्टर्सवर इकडे वकिली करता येत नाही.

प्रश्न (कळवा): दहावीनंतर गणित सोडलं. मला जमेल का?

जमेल, पण टाळून नाही जमणार. गोरेगावच्या इंदिरा गांधी इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी इकॉनॉमिक्सच्या एमएससीच्या एन्ट्रन्सला गणित येतंच. आधी अकरावी-बारावीचं डेरिव्हेटिव्ह आणि प्रोबॅबिलिटी, मग स्टॅटिस्टिक्स, मग रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजणं), याच क्रमाने कर. क्लास लावायची घाई नको, बालभारतीची पुस्तकं पुरेत, रोज एक तास आणि प्रत्येक गणित स्वतःच्या हाताने सोडव.